रजेवरच्यांचं काम

२ मे
आले एकदाची! नवी नोकरी, नवं शहर आणि खिडकीपाशी स्वतःचं टेबल. कंपनी गाद्या बनवते. आमचा विभाग तक्रारींना उत्तरं देतो, तीही हाताने लिहून. साहेबांचं म्हणणं, छापील पत्राने गिऱ्हाईक आणखी पेटतं. लेखनिक सहा. उन्हाळा लागला की सगळ्यांना एकदमच आजोळ आठवतं, म्हणून तर मला घेतलंय: माणसं रजेवर गेली तरी रोज साठ पत्रं सुटली पाहिजेत. मी आल्या आल्या रंगीत पेन्सिलींनी रजांचा तक्ता आखला. नवरा फोनवर हसला. म्हणाला, आपल्या लग्नात पाहुण्यांच्या आंघोळींचाही तू असाच तक्ता केला होतास.

५ मे
चौघं रजेवर गेले. त्यांत गवईही. लिहिताना गुणगुणतात म्हणून त्यांना सगळे गवईच म्हणतात. बायकोला पहिल्यांदाच समुद्र दाखवणार म्हणून आठवडाभर नुसते हवेत होते. मागे उरले दोघं: ताई, म्हणजे इथल्या सगळ्यांत जुन्या लेखनिक, आणि एक अबोल गृहस्थ. दोघांत साठ पत्रं व्हायची कशी? मी कंबर कसली. संध्याकाळी मोजली तर एकसष्ट! ताई म्हणाल्या, सवय असते हो.

८ मे
आजही साठ. पण पत्रांना वास येतोय, ओलं फडकं कोपऱ्यात आंबावं तसा. काही कागद चिकटले होते. सोडवताना मधून तार ओढली गेली, शेंबडासारखी. आणि अक्षर गवयांचं. त्यांच्या ‘ळ’ची शेपटी लपत नाही. ताई म्हणाल्या, जाण्याआधी लिहून ठेवली असतील. पण त्यातली एक तक्रार कालच्या टपालातली आहे.
साहेबांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. मी आभार मानले.

१२ मे
जेवणाच्या सुट्टीत गवयांचा खण उघडला.
आत हात होता. तोडलेला नव्हे, उगवलेला. मनगटाशी लाकडात रुजलेला, पांढराफटक, पाण्यात भिजून सुरकुतल्यासारखा. नखं सायीसारखी लिबलिबीत. बोटांत पेन. लिहिता लिहिता पिवळट चीक गाळत होता.
मी बेसिनवर ओकले. ताई मागून आल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. विरजण लावायची कृती सांगावी तसं सगळं सांगितलं. जाणाऱ्याचा उष्टा चहा खणात ओतायचा. रोज दुधात कुस्करलेला पाव घालायचा. चार दिवसांत धरतं. मग म्हणाल्या, “माणसाला रजा मिळते, काम अडत नाही. कुणाचं काय बिघडलं?”

१५ मे
कुणाला बोलले नाही. साहेब मला कायम करणार आहेत.
चारही खणांतून दिवसभर खरखर. मी पत्रं उचलते, चीक पुसते, खाली सही ठोकते. त्या हातांची किळस आता तितकी येत नाही. स्वतःची येते. जेवताना बोटं तोंडापाशी नेववत नाहीत.

१९ मे
रजेवरच्या उंच बाई आज परतल्या. उन्हाने रापलेल्या, हसऱ्या. हात मिळवला तर – हाडच नाही. पिळून टाकलेलं पोतेरं. प्रवासात आखडला असेल, म्हणाल्या. डाव्या हाताने पदार्थांचा डबा पुढे केला. मला घेववला नाही.
त्यांच्या खणातला हात आता गुबगुबीत झालाय.
बास. संडासातून फिनेलची बाटली आणली. गवयांच्या खणापासून सुरुवात केली. सगळी ओतली. तो तडफडला, फसफसला, कातडी सालीसारखी सुटली. वाटलं, सुटले बिचारे.

२० मे
गवयांच्या बायकोचा फोन. काल दुपारी किनाऱ्यावर बसले होते – अचानक किंचाळले – उजव्या हाताची कातडी मोज्यासारखी उतरली. कशाने, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. ती मला विचारत होती, ऑफिसात यांनी कशाला हात लावला होता का.
मी नाही म्हणाले.
नाही म्हणाले मी.

२१ मे
साहेबांना सगळं सांगितलं. गवयांचं, फिनेलचं, माझंही. रडले. ते ऐकत होते. मग विचारलं, आज किती सुटली?
शेहेचाळीस.
ताईंना बोलावून घेतलं. दोघं हळू आवाजात –

२२ मे
ताईंनी माझी पंधरा दिवसांची रजा मंजूर करून आणलीय. मी मागितलीच नव्हती. म्हणाल्या, थकलात तुम्ही, जाऊन या. माझे कप त्याच उचलतात. रोज. कधीपासून –
चार दिवसांत धरतं.

२३ मे
माझा खण अडकला होता. ओढला.
लहान आहे अजून. तान्ह्या बाळासारखा. ओला. पेन पेलवत नाही, तरी गिरवतोय – माझं अक्षर – माझी सही –
आत पावाचा लगदा. वास –
उजवी बोटं मऊ पडायला लागलीत. नख दाबलं तर दबतं. अक्षर बिघडतंय. तो मात्र सुधारतोय. ताई दारात उभ्या आहेत. म्हणतात, अहो, खुळेपणा करू नका, तुमचाच हात आहे.
माहीत आहे.
फिनेलची दुसरी बाटली डाव्या हातात आहे. बूच दातांनी काढलंय. उजव्याने हे लिहितेय, तोवरच लिहिता ये