अर्ध्यावर अडकलेला झेंडा

प्रिय अस्गर,

बाबांनी आज सकाळी लिंबू घातलेलं थंड ताक चार चमचे घेतलं आणि पाचव्या चमच्याला मला सांगितलं की आईच्या हाताला जी चव होती ती माझ्या हाताला नाही. तेव्हा आजची तब्येत बरी आहे असं समज. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू दोन मिनिटांत ‘बरं, काळजी घे’ म्हणून मोकळा होतोस आणि मलाही मग हवापाण्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. म्हणून पेन हातात घेतलं. अक्षर लागत नसेल तर चष्मा लाव, सत्तेचाळीस झाली आता.

मी शाळेतून रजा काढून एप्रिलपासून इथेच आहे. दुखणं यकृतापर्यंत पोचलंय, हे तुला ठाऊक आहे. समोरच्या खोलीत, खिडकीपाशी, दवाखान्याने दिलेला पलंग लावला आहे. नर्स सकाळ-संध्याकाळ येते, औषधाची पट्टी बदलते, आणि बाबा तिला गायींबद्दल जे प्रश्न विचारतात त्यांची खोटी उत्तरं देते, कारण बिचारी शहरातली आहे. मला मात्र पलंगावरून हुकूम सुटत असतात. कुंपणाचा खांब वाकलाय. कॉफी तीनला म्हणजे तीनला, तीन वाजून पाच मिनिटांनी नाही. सुंभ जळाला तरी पीळ काही जात नाही. त्यांना उचलून बसवताना मला आता भीती वाटते ती ते पडतील याची नाही, ते किती सहज उचलले जातात याची. पहिल्यांदा उचललं त्या दिवशी मी दुधाच्या खोलीत जाऊन, रिकाम्या टाकीपाशी उभी राहून पोटभर रडले. गायी विकून सहा वर्षं झाली तरी त्या खोलीला अजून दुधाचा वास येतो.

आता त्या दिवसाबद्दल. तुला शेजारच्या व्हर्नरचा फोन आला, मग माझा आला, आणि मधे काय झालं हे मी तुला धड सांगितलंच नाही. चूक माझी होती. बाबा आठवडाभर आधीपासून म्हणत होते की एकवीसला झेंडा चढवायचाय, दोरी कुजलीये, नवी आण; कशासाठी ते बोलले नाहीत. मी हो हो म्हटलं आणि कंटाळा केला. एकवीस तारखेला सकाळी बघते तर दोरी तुटलेली. मी शाळेत मुलींना विणकाम शिकवते, मला काय गाठ मारता येत नाही! मारली. चांगली जाडजूड मारली. आठच्या ठोक्याला झेंडा चढवायला घेतला, आणि अर्ध्यावर गेल्यावर ती गाठ वरच्या चाकात जाऊन बसली. वर जाईना, खाली येईना. बाबा औषधाच्या झोपेत होते. त्यांना जाग यायच्या आत निस्तरू म्हणून मी शिडी शोधायला मागच्या गोठ्यात गेले.

पुढचं तू ओळखलंच असशील. ज्या घरात महिनाभर नर्सची गाडी उभी असते, त्या घराचा झेंडा अर्ध्यावर दिसला की माणूस गेलं असंच धरतात, आपल्या रस्त्यावर कुणी विचारायला येत नाही. व्हर्नरने टोपी काढली आणि आपलाही झेंडा अर्ध्यावर आणला. त्याचा बघून पुढच्या घराने, मग वळणावरच्या दोघांनी. मी गोठ्यात कोळिष्टकं खात होते तेवढ्यात सगळ्या रस्त्याने बाबांना निरोप देऊन टाकला. व्हर्नरला वाटलं, डोर्टे एकटी कुणाकुणाला फोन करत बसेल, निदान अस्गरला आपण कळवावं. त्याला शिव्या घालू नकोस. बोलून चालून भला माणूस, मला सांगताना त्याचे कान लाल झाले होते.

शिडी घेऊन बाहेर आले तर दारात त्याची बायको, कर्स्टन. काळा पोशाख, हातात रश्शाचं पातेलं. तिने पातेलं खाली ठेवून मला मिठी मारली आणि हुंदके द्यायला लागली. मला वाटलं, हिला माझ्या गाठीचं एवढं का वाईट वाटावं? तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला.

“कर्स्टन, तुमच्याकडे कोण गेलं?”

त्यांना खिडकीतून व्हर्नरचा झेंडा दिसत होता. कर्स्टन पायरीवर मटकन बसली. खरं सांगते अस्गर, त्यानंतर आम्ही दोघी जे हसलो, तशी मी हिवाळ्यापासून हसले नव्हते. बाबांना सगळं कळलं तेव्हा त्यांनी आधी दोरीवरून मला बोलून घेतलं. मग कर्स्टनला विचारलं, रश्शात कोंबडी आहे की नुसत्या भाज्याच. कोंबडी आहे म्हटल्यावर म्हणाले की मग मेलो त्याचं सार्थक झालं. दोन चमचे घेतलेही.

मी म्हटलं आता झेंडा राहू दे, काठी आडवी पाडून उतरवून ठेवू. शोभा पुरे झाली. तर ऐकेचनात. व्हर्नरला नवी दोरी आणायला पिटाळलं, काठी आडवी करायला लावली आणि खिडकीतून सूचना देत राहिले. अकरा वाजता झेंडा टोकाला गेला तेव्हा कुठे मान टेकली.

“त्याचा वाढदिवस अजून संपलेला नाही,” म्हणाले.

हे तुला माहीत नसणार. मलाही नव्हतं, व्हर्नरने सांगितलं. नऊ वर्षांत तू एकदाही आला नाहीस, पण घरच्या माणसाच्या वाढदिवसाला झेंडा चढवायची रीत बाबांनी मोडलेली नाही; नऊही वर्षं एकवीस मेला आपला झेंडा चढत आला आहे. कुणी विचारलं तर म्हणायचे, मुलाचा वाढदिवस आहे, आणि विषय बदलायचे. मी समजत होते की तुझं नावसुद्धा त्यांना चालत नाही. आईच्या दफनानंतर सभागृहात कॉफी चालू असताना तू सगळ्या गावासमोर म्हणालास की बाबांनी आणि त्यांच्या गायींनी मिळून तिला मारलं. बाबांनी कप खाली ठेवला आणि अंगावरच्या काळ्या कोटानिशी दूध काढायला निघून गेले. त्या गोष्टीवर ते आजतागायत एक अक्षर बोललेले नाहीत. मला तुझा राग होता. अजून थोडा आहे, उगाच खोटं कशाला लिहू?

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. अकरा वाजता मी तुला फोन करून बाबा आहेत म्हटल्यावर तू फुलांच्या दुकानात फोन करून, व्हर्नरच्या फोननंतर मागवलेल्या फुलांची पाठवणी थांबवलीस, आणि थांबवली आहे असं त्यांनी तुला सांगितलं. पण गाडी निघून गेली होती. मी मागे चादरी वाळत घालत होते. बाबा चालायच्या आधाराची गाडी धरून स्वतः दारापर्यंत गेले. फुलं आणणारी बाई गंभीरपणे म्हणाली, आयनार मॉर्टेनसेन यांच्या घरच्यांसाठी. बाबा म्हणाले, आयनार मीच, द्या इकडे. मी आत आले तेव्हा पांढरी फुलं त्यांच्या मांडीवर होती आणि हातात चिठ्ठी, दुकानातल्या कुणाच्या तरी गोल अक्षरात लिहिलेली, पण शब्द तुझे: ‘बाबा, सभागृहात मी बोललो ते खरं नव्हतं. आईने मला दवाखान्यात सांगितलं होतं की तिला याहून दुसरं आयुष्य नकोच होतं. मला कुणावर तरी रागवायचं होतं म्हणून मी ते तुमच्यापासून लपवलं. माफ करा.’ त्यांनी ती दोनदा वाचली. मग म्हणाले, “थोडी लवकर आली. पण उशिरा येण्यापेक्षा बरं.” आणि तोंड भिंतीकडे वळवलं. मी फुलदाणी शोधायच्या निमित्ताने बाहेर गेले, कारण त्यांना रडताना मी कधी पाहिलेलं नाही. दुकानातून माफी मागायला फोन आला तेव्हा तू पाठवणी थांबवली होतीस हे आम्हाला कळलं. बाबांनी माझ्याकडून शब्द घेतला. म्हणाले, त्याने मेलेल्या माणसाला लिहिलं होतं, जिवंत माणसाने वाचलं हे कळलं तर लाजेल बिचारा, तू सांगू नकोस. तो शब्द मी आज मोडते आहे. डॉक्टरबाईंनी दोन आठवडे सांगितले आहेत, तेही ‘कदाचित’ म्हणून. कर्स्टनची मुलगी उद्याच्या बोटीने तुझ्या बर्गनला येते आहे, हे पत्र तिच्याच हाती देते. शुक्रवारी ती परत निघेल आणि तिच्या गाडीत शेजारची जागा रिकामी ठेवायला मी सांगितलं आहे. आल्यावर काय बोलायचं याची जुळवाजुळव करत बसू नकोस. तुझी माफी पोचली आहे. ती त्यांच्या उशीखाली आहे, आणि मी चादर बदलायला गेले की आधी ती स्वतःच्या मुठीत घेतात.

तुझीच, आयुष्यात पहिल्यांदा बाबांचं न ऐकणारी,
डोर्टे