गाठी नसलेली मुळं

सास्काटून, कॅनडा, २८ जून १९९९

ती. टोरवाल्ड मामांना करीनचा नमस्कार.

काल तुमच्या हरभऱ्याची वीस रोपं उपटून पाहिली. एकाही मुळावर गाठ नाही. जिवाणू मुळात शिरले तरच गाठी होतात आणि झाडाला नत्र मिळतं. म्हणून पीक पिवळं पडलंय. मी प्रयोगशाळेतून दिलेली, बियाण्याला लावायची जिवाणूंची भुकटी तुम्ही ट्रकमध्ये उन्हात ठेवली असणार. उन्हात ते मरतात, हे पिशवीवर लिहिलं होतं.

लोभ आहे, तो राहू द्या.

तुमची भाची,
करीन

शॉनाव्हन, ६ जुलै

चि. करीनला मामाचे आशीर्वाद.

पिशव्या तळघरात ठेवल्याचं मला आठवतंय. पण तू शिकलेली. तू म्हणतेस तर ट्रकमध्येच राहिल्या असतील. तुझ्या आजीचंही या वयात असंच सुरू झालं होतं, स्टोव्ह चालू ठेवून चर्चला जायची. गावात सकाळी कॉफीला जमतो, तिथे सगळ्यांना सांगून टाकलं. शेजारच्या शेतातल्या लॉर्नने विचारलं, म्हातारबा, आज पँट तरी आठवणीने घातलीस ना? मीही हसलो. शेत त्यालाच भाड्याने देतोय. सतराला, शनिवारी सही.

वेळेवर जेवत जा. जीव लावतेस तसाच लावत राहा.

मामा

सास्काटून, ९ जुलै

ती. मामांना नमस्कार.

सही करू नका. पिशव्या तळघरातच होत्या. हरभऱ्याला त्याचे स्वतःचे जिवाणू लागतात. वाटाण्याचे त्याच्या मुळात शिरत नाहीत. मी घाईत डब्यावरची चिठ्ठी न वाचता वाटाण्याचे भरून दिले. प्रयोगशाळेच्या नोंदवहीत माझंच अक्षर आहे.

हे मला तीस जूनलाच कळलं. तुम्ही वाद घातला नाहीत, म्हणून गप्प राहिले. आजीबद्दलचं वाचलं आणि फोन लावला. तुमचा आवाज ऐकून ठेवून दिला. लाज वाटते. लोभ मागायला तोंड नाही.

करीन

शॉनाव्हन, १४ जुलै

चि. करीनला आशीर्वाद.

फोन ठेवणारी तू होतीस तर. सही करत नाही.

पिकाचं सोड, नत्र विकत मिळतं. पण दोन आठवडे मी किल्ल्या, गोळ्या, फाटकाची कडी, सगळं कागदावर टिपत होतो. तुझ्यावर रागावलोय. माझी नसलेली चूक मी चारचौघांत कबूल केली. तुझी तू येऊन कर. शनिवारी दहाला, कॉफीच्या टेबलावर. लॉर्न सोलून काढेल. ऐकून घ्यायचं. तुझ्या बाजूने मी एक शब्द बोलणार नाही.

शेजारी बसेन.

राग आहे, म्हणजे लोभही आहेच.

मामा