मोटेचं कडं

बाई, आमच्याकडे टीव्हीवर सध्या एक मालिका लागते. मुलींच्या शाळेतला बास्केटबॉलचा संघ, त्यांना शिकवणारी एक बाई, आणि दर भागात कोणीतरी रडतं. नात मोठ्या भक्तीनं पाहते. परवा तिच्याजवळ बसले, तर त्या बाईनं मुलींना चकचकीत लाकडी जमिनीवर उभं करून इतकं लांबलचक भाषण ठोकलं की मला राहवेना. मी म्हटलं, आमच्या बाईंनी एवढ्या वेळात शंभरदा चेंडू टाकून घेतला असता. नात म्हणाली, आजी, तू कधी बास्केटबॉल खेळलीस? घ्या! म्हणजे या घरात कोणाला पत्ताच नाही. मग तिला सगळं सांगितलं, एक गोष्ट सोडून. ती आधी तुम्हाला सांगायला हवी, म्हणून लिहायला बसले. तुम्ही शुद्ध लिहायला शिकवलंत, तेव्हा शुद्धच लिहीन, पण मधेच आमचं वऱ्हाडी घसरलं तर भुवई वर करू नका.

तुम्ही आमच्या मळ्यावर आलात तो दिवस आठवतो? वाशिमच्या शिवेवरचा आमचा वांग्यांचा आणि सांबाराचा, म्हणजे तुमच्या शुद्ध भाषेत कोथिंबिरीचा, मळा. मी नववीत होते आणि बाबांनी ठरवून टाकलं होतं की दसऱ्यापर्यंत शाळा, मग घरी, आणि उन्हाळ्यात लग्न. मी दोन दिवस जेवले नव्हते, त्याचा कोणावर काही परिणाम झाला नव्हता. अशात तुम्ही येता, चपला बाहेर काढता आणि सरळ चुलीजवळ पाटावर बसता. नागपूरकडची शिकलेली बाई आपल्या हातची भाकर खाते आहे, या धक्क्यातून आई सावरलेली नाही. मी दाराआड उभी आहे. बाबा उंबऱ्यावर बसून तुम्हाला समजावतात, "बाई, तुमी एवढ्या शिकल्या, तुमाले सांगणारा मी कोन? पन पोरगी वाढून राह्यली. शिकून तरी शेवटी वांगेच तोडाचे हायेत तिले."

तुम्ही वाद घातला नाही. ठेचा मागून घेतलात, भाकर संपवलीत आणि मग विचारलंत, "दसऱ्याच्या आधी अकोल्याला मुलींचे सामने आहेत. आमच्या मुली जिंकल्या तर हिला मॅट्रिक होईपर्यंत शाळेत ठेवाल?" कसला खेळ, म्हणून बाबांनी चौकशी केली. चेंडू उंचावरच्या टोपलीत टाकायचा असतो हे ऐकून त्यांना हसू आवरेना. वाशिमच्या पोरी याआधी कधी जिंकल्या होत्या का, हेही त्यांनी विचारून घेतलं. कधीच नाही, असं तुम्ही खरं सांगितलंत. तेव्हा ते अगदी निश्चिंत झाले आणि म्हणाले, "जा, देली जबान." आईनं न मागता तुमच्या ताटात आणखी एक भाकर टाकली.

माझं सगळं आयुष्य त्या टोपलीत टाकून तुम्ही हात धुतलेत, आणि टोपली तर अजून नव्हतीच. हेडमास्तरांनी एक जुना खांब दिला होता. आंब्याच्या पेटीच्या फळ्या ठोकून तुम्ही टोपलीमागचा फळा केला. पण कडं कुठून आणायचं? लोहार डवरे-वखरांच्या कामात बुडालेला. त्यानं पोळा झाल्याशिवाय हात लावणार नाही म्हणून सांगितलं, आणि पोळ्यानंतर उरणार महिना. तुम्ही सुतळीला दोन गाठी मारल्यात, गाठीपासून गाठीपर्यंत कड्याची रुंदी, आणि आम्हा सातही जणींना सांगितलंत की घरी, शेजारी, कुठेही या मापाचं कडं मिळतं का बघा. सुतळी पहिल्यांदा माझ्या हातात आली. आमच्या गुरांच्या कोठ्यात जुन्या मोटेचं कडं पडलेलं होतं. आता मोटा कोणी पाहिलेल्या नाहीत, नातीला समजावून सांगावं लागलं की विहिरीतून पाणी ओढायच्या त्या चामड्याच्या मोटेचं तोंड उघडं राहावं म्हणून त्याला लोखंडी कडं असायचं. बाबा म्हणाले, घेऊन जा, गंजूनच राह्यलं. दुसऱ्या दिवशी ते डोक्यावर घेऊन मी शाळेत आले. तुम्ही सुतळी लावली, गाठीला गाठ बरोबर बसली, आणि तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत.

मग काय विचारता! तुम्ही आमचा जीव काढलात. काळ्या मातीत चेंडू उसळायचा नाही, म्हणून तुम्ही आम्हाला नुसतं एकमेकींकडे फेकत पळायला शिकवलं. पदर खोचून, पांढरे कॅनव्हासचे बूट घालून तुम्ही स्वतः आमच्यात पळायचा. आणि ते कडं! चेंडू आत जाता जायचा नाही. काठावर आपटायचा आणि बाहेर. आमच्यात सगळ्यात उंच ती, जिला आपण सगळे लांबी म्हणायचो, एक दिवस वैतागून बोलून गेली की कडंच लहान आहे. तुम्ही शिटी वाजवून खेळ थांबवलात. स्टूल मागवून वर चढलात आणि सगळ्यांसमोर सुतळी लावून दाखवलीत. "कडं मापात आहे. तुझा हात मापात नाही." ती बिचारी मान खाली घालून उभी. त्या दिवसापासून तुम्ही तिच्याकडून रोज पन्नास जास्त टाकून घेतलेत. मी तिच्या शेजारीच उभी होते. माझे कान इतके तापले होते की आजही आठवलं की तापतात.

अकोल्याला गेलो ते मोटारीनं, पातूरचा घाट उतरताना दोघी ओकल्या. तिथलं मैदान मुरमाचं, चोपलेलं, आणि दोन्ही टोकांना कडी. आम्ही जन्मात एकच पाहिलेलं. पहिल्या पाच मिनिटांत लांबीनं चेंडू आपल्याच कड्यात घातला आणि आनंदानं उड्या मारल्या. लोक पोट धरून हसले. समोरच्या मुलींच्या पायांत बूट, अंगात एकसारखे कपडे. डोळ्यांसमोर बाबांचं निश्चिंत तोंड. तेवढ्यात चेंडू माझ्याकडे आला. मी मान वर केली आणि पाहतच राहिले. लांबी मागून ओरडली, "अवो, हे कडं त विहिरीएवढं हाये!"

बाई, त्यानंतर आम्ही त्यांना धुतलं. दुसरा शब्द नाही. जिथून टाकावं तिथून आत. काठाला न लागता आत. लांबी तर कड्याकडे धड पाहतही नव्हती. हसणारे लोक आता आमच्याच बाजूनं ओरडायला लागले. त्यांच्या बाईंनी मधेच तुम्हाला येऊन विचारलं की हे कुठे शिकवलं, आणि तुम्ही म्हणालात, मळ्यात. दुसरा सामनाही तसाच, तिसराही तसाच. तो पितळी पेला हातात घेतला तेव्हा मी भोकाड पसरून रडले. मला मॅट्रिक दिसत होती.

सगळ्या पेढे खात होत्या तेव्हा तुम्ही एकट्याच कड्याखाली उभ्या होतात. मी पाहिलं. तुम्ही कमरेची सुतळी काढलीत, एक डोळा मिटून ती वर कड्यासमोर धरलीत. मग वळून माझ्याकडे पाहिलंत. बराच वेळ. आणि एवढंच म्हणालात, "चला, मोटार चुकेल." घाटात सगळ्या पेंगत होत्या, तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसलात, सुतळी माझ्या मुठीत दिलीत. "ठेव तुझ्याजवळ. मला आता माप पाठ झालं."

बाबा मेथीला पाणी देत होते. पेला पाहून त्यांनी तो उलटासुलटा केला, काठावर टिचकी मारली. "माह्याच मोटेच्या कड्यानं मलेच पान्यात घातलं," ते म्हणाले, आणि मग आईकडे पाहून, "जबान देली म्हनजे देली." मॅट्रिक झाले, मास्तरीण झाले, आपल्या वाशिमजवळच्याच मालेगावच्या शाळेत मुलींना खेळ शिकवत म्हातारी झाले. आपण जिंकलो त्या वर्षी हेडमास्तर खूश होऊन नवीन कडं करून देतो म्हणाले, तेव्हा तुम्ही सांगितलंत की आहे तेच राहू द्या. मी वर्गाच्या खिडकीतून ऐकलं होतं.

तुम्हाला कळलं होतं हे मला माहीत आहे. पण मी तोंडानं कधी बोलले नाही, आणि तुम्ही गेलात. आता बोलते. मोटेचं कडं चार बोटं लहान होतं. मी कोठ्यात बसून तासभर पाहिलं आणि मग सुतळीची एक गाठ सोडून चार बोटं आत मारली. लांबीला पुढे सांगितलं तर तिनं पाठीत असा धपाटा घातला की काही विचारू नका. नातीला उद्या सांगीन. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून घडी करून त्याच सुतळीनं बांधते आहे. गाठ मात्र मी अजूनही जागेवर नेलेली नाही.