बावन्न सालची काळी जमीन

गुरुवार, १ मे २००३. सकाळी ८.
आज मन प्रसन्न. बर्फ फक्त कोठाराच्या सावलीत उरलंय. लेकीचा, मार्लीनचा, फोन आला. शुक्रवारी, २३ तारखेला ती आईला, म्हणजे माझ्या लेम्पीला, घेऊन येते. तीन दिवस. लेम्पी इथं रमली तर इथंच राहील, मदतीला एक बाई ठेवायची. नाही रमली तर सोमवारी थेट तळ्याकाठच्या वृद्धाश्रमात. तिथली खोली धरून ठेवलीय म्हणे.
मार्लीन म्हणाली, बाबा, डॉक्टरांनी बजावलंय, तिच्या ओळखीचं, जुनं जे जे आहे ते तसंच असू दे. घरातली एक खुर्चीसुद्धा हलवू नकोस. मी म्हणालो, बरं.
लेम्पीशीही बोललो. म्हणाली, आपण कोण बोलताय? फेब्रुवारीपासून लेकीकडे आहे, पण थट्टेचा स्वभाव गेलेला नाही.

त्याच दिवशी, दुपारी ४.
जुनं म्हणजे किती जुनं, हे डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. खुर्च्या कालपरवाच्या, एकोणीसशे ऐंशीच्या. त्या पाहून कुणाला काय आठवणार?
कॉफी पिता पिता सुचलं. जमीन! जून १९५२. लग्न लावून लेम्पीला याच दारातून आत आणलं. बैठकीची खोली रिकामी आणि लाकडी जमीन काळीभोर. शेजाऱ्यांचा ग्रामोफोन आणून आम्ही दोघं तिच्यावर नाचलो होतो. मी कविता म्हटली होती. ती काळी जमीन परत आणायची. लेम्पी उंबऱ्यात उभी राहील, खाली बघेल, आणि सगळं आठवेल.
तीन आठवडे आहेत. भरपूर झाले.
निश्चय: रोज सहाला उठणे. कॉफी दोनच कप.

शनिवार, ३ मे.
आठला उठलो. चार कप.
गालिचा उपटला. चौऱ्याहत्तर साली घातलेला. खालच्या खिळ्यांनी दोन बोटं फाडली. जमीन निघाली फिक्कट, ताकासारखी. नवल आहे. गालिच्याखाली ऊन नाही, पाऊल नाही, मग रंग उडाला कसा? वयानं. माझे केस नाही का उडाले?
मधल्या काळात ती कधी फिकी झाली, हे नीट आठवत नाही. मी दिवसभर पोस्टात असायचो.

सोमवार, ५ मे.
दुकानात जाऊन जमीन घासायचं मशीन भाड्यानं आणलं. दुकानदार डेल म्हणाला, काका, हे तुम्हाला ओढून नेईल. मी म्हणालो, अडतीस वर्षं टपालाच्या थैल्या उचलल्यात.
शेजारचा काल्ले डोकावला. जन्मभर सुतारकी केल्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीत मत असतं. म्हणाला, आर्वो, लेका, ही मेपलची फळी आहे. मेपल रंग पीत नाही. ओक असता तर गोष्ट वेगळी. चट्टे पडतील. मी म्हणालो, ही जमीन मुळात काळीच होती, लाकडाला आपला रंग आठवतो. तो म्हणाला, लाकडाला आठवत असेल, तुझं काय?
बायको गेल्यापासून काल्ले फार कडवट झालाय. सहन केलं.

गुरुवार, ८ मे.
मशीन सुरू केलं. त्यानं मला खिडकीपर्यंत नेलं, वळवलं, परत आणलं. मधोमध क्षणभर थांबून विचार करत होतो, यमक जुळत होतं. तेवढ्यात मशीननं तिथंच बशीएवढा खड्डा पाडला. त्यावर टेबल सरकवलं. टेबल म्हणजे खुर्ची नव्हे, तेव्हा मार्लीनचा शब्द मोडलेला नाही.
मनाच्या समाधानासाठी मशीन आणखी दोनदा फिरवलं.

शनिवार, १० मे.
कडेकोपरे हातानं, पॉलिशपेपरनं. रोज एक भिंत पुरी करायची असं ठरलं होतं. आज अर्धी झाली. उरलेल्या साडेतीन भिंतींना तसं कोण बघतं?
कॉफीत लाकडाचा भुसा, वेलचीच्या पावावर लाकडाचा भुसा. संध्याकाळी सौनाच्या गरम वाफेत बसलो तर अंगातूनही तोच निघाला. कंबर बोलते आहे. तिला म्हटलं, बोल बाई, घरात बोलायला दुसरं आहे कोण?

मंगळवार, १३ मे.
रंगाचा पहिला हात दिला. ‘गर्द अक्रोड’. दोन तासांनी जाऊन पाहिलं. एक फळी तपकिरी, एक पिवळी, एकीवर ठिपके. बैठकीच्या खोलीत कुणाची कबरी गाय आडवी पडली आहे, असं वाटत होतं.
काल्ले दारापर्यंत आला, मान हलवून परत गेला. तोही एक बोलण्याचाच प्रकार.
लेम्पीसाठी दोन ओळी झाल्या:
काळी काळी जमीन आपुली, तीवर नाचे दिवा,
केस पिकले, दात निघाले, रंग राहिला नवा.
सहावीतल्या आमच्या बाईंनी शाबासकी दिली असती. दात लेम्पीचे निघालेले नाहीत, माझे. पण कवितेत तेवढं चालतं.

गुरुवार, १५ मे.
दुसरा हात, अधिक गडद. गाय म्हातारी झाली, इतकाच फरक.
मार्लीनचा फोन. घरात काही बदललं नाहीस ना? मी म्हणालो, उलट. ती म्हणाली, उलट म्हणजे काय, बाबा? मी म्हणालो, इथं जरा आवाज कापला जातोय. ठेवला.

शनिवार, १७ मे.
तिसरा हात. डेलकडचा सगळ्यात काळा डबा. तो म्हणाला, काका, याच्यापुढे फक्त डांबर.
जमली! काळीकुट्ट. चट्टे फक्त काल्लेला दिसतात, आणि तेसुद्धा ऊन पडल्यावर. आमच्याकडे ऊन पडतं किती दिवस?

सोमवार, १९ मे.
वरून चकाकीचं पॉलिश, तीन हात. वासानं गरगरलं म्हणून खिडक्या उघडल्या, तर काळ्या माश्यांचा हंगाम. पॉलिशमध्ये शंभरेक चिकटल्या. पण माश्या काळ्या, जमीनही काळी. निसर्ग कधी कधी असा हात देतो.

बुधवार, २१ मे.
वाळली. आता निगा. काळ्या जमिनीची एक खोड लक्षात आली, ती काही लपवत नाही. मोज्यांचे ठसे उमटतात. पावाचा कण चांदणीसारखा चमकतो. माझा एक केस पडला, तो दारातून दिसला.
नियम: बूट दाराबाहेर. रोज तीनदा कोरडा मऊ झाडू. पाणी वर्ज्य, पाण्यानं फळ्या फुगतात. खोलीत खाणे नाही. शक्यतो चालणे नाही.
आज नऊदा झाडलं. सध्या भिंतीच्या कडेकडेनं फिरतो.

गुरुवार, २२ मे.
सगळं तयार. ग्रामोफोन काल्लेच्या माळ्यावरून आणला, सुई नाही. मीच गुणगुणेन. काल्लेनं विचारलं, आणि नाही ओळखलं तिनं तर? मी म्हणालो, ओळखेल. तो म्हणाला, देव करो, गड्या. पहिल्यांदाच चांगलं बोलला.

शुक्रवार, २३ मे. संध्याकाळ.
ओळखलं.
पाचला मोटार आली. लेम्पीनं दारात बूट काढले, आत आली आणि थबकली. कितीतरी वेळ खाली बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. म्हणाली, आर्वो.
जानेवारीनंतर पहिल्यांदा माझं नाव! माझे डोळे भरून आले. मी कविता सुरू करणार, तोच ती म्हणाली, आर्वो, तुझी आई कुठे आहे?
मी म्हणालो, अगं, आई जाऊन चव्वेचाळीस वर्षं झाली. ती म्हणाली, बोलाव तिला. आत्ता बोलाव. ही काय जमीन म्हणायची? या घाणीत मी संसार मांडू? माझ्या माहेरी गोठासुद्धा याहून स्वच्छ असतो. मग अंगातला कोट काढून मार्लीनच्या हातात दिला, बाह्या सारल्या. बादली आण म्हणाली. सोडा आण, वाळू आण. आणि पंचाहत्तर वर्षांची माझी बायको खाली गुडघ्यांवर बसली.
मार्लीननं मला स्वयंपाकघरात नेलं. बाबा, तुला खरंच माहीत नाही? तो रंग नव्हता. आजोबांच्या बुटांवरचं खाणीतलं तेल, कोळशाची काजळी, तीस-चाळीस हिवाळ्यांचा मळ. आईनं लग्नानंतर अख्खं वर्ष ती जमीन घासली. एकेक फळी. हाताची सालं निघायची. दर नाताळला आम्हाला सांगायची, हे लाकूड पांढरं आहे हे तुमच्या आजीलाही माहीत नव्हतं.
मी म्हणालो, माझ्यासमोर कधी सांगितलेलं आठवत नाही. मार्लीन म्हणाली, समोरच असायचास. कविता म्हणत.
तरीही नोंद करून ठेवतो: ओळख पटली. माझा अंदाज बरोबर होता. साल फक्त थोडं अलीकडचं धरायला हवं होतं.

शनिवार, २४ मे.
न्याहारीपासून घासते आहे. गुडघ्यांखाली उशी देऊन पाहिली, भिरकावून दिली. पाण्याबद्दलचा नियम सांगायचं धाडस झालं नाही. दारापाशी फळ्या फुगल्या.
काही निघत नाही. दर थोड्या वेळानं ब्रश उलटा करून बघते. म्हणते, जात का नाही, आर्वो? पूर्वी जायचं. माझ्या हातातला जोर गेला का रे?
मी म्हणालो, नाही, जोर आहे. मग कविता म्हणू का विचारलं. म्हणाली, बादलीतलं पाणी बदल.
बदललं. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच, मार्लीनच्या मते.

रविवार, २५ मे.
आज लेम्पी रडली. ब्रश ठेवला आणि जेवायला नको म्हणाली, या घरात घास उतरत नाही. मला माझ्या आईकडे पोहोचवा म्हणाली. मार्लीन खोलीतला दिवा मालवून तिच्याजवळ बसून होती.
मी मार्लीनला म्हणालो, चादरी अंथरू, सगळीकडे पांढऱ्या चादरी. अंथरल्या. लेम्पीनं एक टोक उचलून खाली बघितलं आणि परत ठेवलं. म्हणाली, झाकून ठेवलंय.

सोमवार, २६ मे.
दहा वाजता निघाल्या. लेकीकडे नाही. तळ्याकाठी, त्या खोलीत.
मोटारीत बसताना लेम्पीनं काच खाली केली. म्हणाली, जमीन स्वच्छ झाली की कळव, आर्वो. मग येते.
मार्लीननं मान फिरवली. मी मात्र हा स्पष्ट शब्द समजतो. माणूस उगाच अट घालत नाही. अट घातली म्हणजे यायचं मनात आहे.

मंगळवार, २७ मे.
डेलकडे पुन्हा मशीन मागितलं. तो स्वतः घरी येऊन बघून गेला. म्हणाला, काका, तुम्ही आधीच इतकं खरवडलंय की अजून एक हात दिला तर खिळ्यांची डोकी वर येतील. फळ्याच उरणार नाहीत.
ठीक आहे. हातानं. तिनं हातानंच केली होती.
निश्चय: रोज सहाला उठणे. रोज तीन फळ्या.

गुरुवार, २९ मे. सकाळी ६.
सहाला उठलो! गुडघ्यांखाली उशी. सोडा, वाळू, ब्रश. दाराजवळची पहिली फळी.

सकाळी ११.
तीच फळी. काल्ले आला, टोपी काढून उभा राहिला. मग म्हणाला, सरक जरा, आणि दुसरा ब्रश घेतला.

दुपारी ४.
तीच फळी. रंग तोच, चकाकी मात्र वाढल्यासारखी वाटते. काल्ले पाठ धरून घरी गेला. शेवटी पॉलिशचा डबा शोधून त्यावरची सूचना चष्मा लावून पूर्ण वाचली. साबण, सोडा, पाणी, काहीही चालेल, कितीही घासा, वीस वर्षं ढिम्म हलणार नाही, असं लिहिलंय.
माल चांगला आहे.