सुरेखाच्या तोंडचा काना

मंगळवार, नाशिक. दिवेलागण.

डोकं अजून तापलेलंच आहे. फूलबाजाराच्या स्मरणिकेसाठी मी सुरेखाची जीवनकथा लिहिली, तिची प्रुफं आज आली. सुरेखा मखमलाबादला गुलाब पिकवते. जन्मली तेव्हा घरच्यांनी मुलगा म्हणून पेढे वाटले होते. ‘पण ताई, लहानपणचं लिहाल तेव्हाही मला तीच म्हणा,’ असं तिने पहिल्याच भेटीत बजावलं होतं. मी तसंच लिहिलं.

संपादकांनी बालपणात सगळीकडे ‘तो’ करून टाकलंय. आणि तिच्या स्वतःच्या तोंडचं वाक्य? ‘आईबरोबर मी फुलं तोडायला जायचे.’ त्याचं केलंय ‘जायचो’. एक काना वाढवला, बस्स!

तडक फोन लावला.

“अहो मॅडम, वाचक गोंधळतील. तेव्हा मुलगाच होता ना तो?”

“सर, ते तिचे शब्द आहेत. अवतरणात आहेत.”

“मी फक्त व्याकरण सुधारलं.”

सुधारलं म्हणे! दुसऱ्याच्या तोंडात आपला काना कोंबायचा आणि वर त्याला व्याकरण म्हणायचं? मला जास्त झोंबलं काय, तो काना की ते ‘सुधारलं’?

सुरेखाला सांगावंच लागलं. ती म्हणाली, “ताई, मी ‘जाते’ म्हटलं की बाप लय मारायचा. ‘जातो म्हण’, म्हणायचा. मार खाल्ला, पण ‘जातो’ नाय म्हटलं कधी. तुमच्या सरांनी बसल्या जागी म्हणवून घेतलं.”