झाकण लावून काढलेले फोटो

प्रिय ठमे,

तुझं पत्र मिळालं. घर विकून कायमचं तुझ्याकडे राहायला यायचं की नाही, ते या महिन्यात सांगा म्हणतेस. सांगतो, पण आधी सोबतचा फोटो बघ. लाल धुरासारखा दिसतोय ना, तो मृगातला तेजोमेघ. तिथे तारे जन्माला येतात. आपल्या गच्चीवरून, त्या हातभर दुर्बिणीतून काढलाय. दुर्बीण फिरवणारं यंत्र अडखळत होतं, त्याचे दाते मीच घासून सरळ केले. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली ती काय उगाच?

एका फोटोत फारसं काही दिसत नाही. दोन-दोन मिनिटांचे साठ काढायचे आणि कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे. शिवाय झाकण लावून वीस काळेकुट्ट फोटो काढायचे. कॅमेऱ्याचे स्वतःचे ठिपके त्यांत उमटतात, ते मग खऱ्या फोटोंतून वजा करता येतात. पण तेही तेवढ्याच थंडीत काढावे लागतात. हे सगळं मी निगुतीनं केलं. आणि वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई फोटो बघायला आल्या, त्यांनी मी चहा गाळेपर्यंत ते वीसच्या वीस पुसून टाकले. आवराआवरीची भारी हौस. वर मलाच झापलं, की झाकण काढायला विसरता, डॉक्टरला दाखवून घ्या.

मी जाम चिडलो, ते काळे फोटो कशासाठी होते ते सुनावलं. दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या संध्याकाळी बाई थर्मामीटर घेऊन दारात हजर. तेवढी थंडी पुन्हा पडेपर्यंत रोज गच्चीवर जाऊन पारा बघायच्या आणि मला येऊन सांगायच्या. बाराव्या दिवशी पारा उतरला, आणि झाकण लावलेल्या दुर्बिणीशेजारी आम्ही चाळीस मिनिटं नुसते बसलो. बघायला काहीच नव्हतं, म्हणून बोलत राहिलो. तुझी आई गेल्यापासून मी इतकं कोणाशी बोललो नव्हतो. बरंचसं तिच्याबद्दलच बोललो, आणि बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं.

तर ठमे, मी येत नाही. तू माझ्यासाठी खोली रंगवलीस, पडदे शिवलेस, सगळं ठाऊक आहे, आणि त्याचं वाईटही वाटतं. पण मी इथे सुखात आहे. काल मी बाईंना लग्नाचं विचारलं. त्या हो म्हणाल्या, पण अट घालून: आधी लेकीला विचारा, तिची ना असेल तर आपण शेजारीच बरे. फोनवर जीभ रेटेना, म्हणून हे पत्र. राग आला तर खुशाल भांड, फक्त इथे येऊन भांड.

तुझाच, उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
बाबा