व्याहीबुवांची गाठ आणि माझी दातेरी कात्री

आदरणीय व्याहीबुवा,

दोन्ही हात जोडून आणि मान खाली घालून नमस्कार. (मान खाली का, ते पुढे येईलच. जरा धीर धरा, मलाही तो गोळा करायचा आहे.) आपली तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? विहीणबाईंचा खोकला गेला का? जावईबापू आणि आमची लेक, म्हणजे आपली सून, मजेत असतीलच. नात आपल्या मांडीवर बसून कुणाच्या तरी दुरुस्तीला आलेल्या घड्याळाचे काटे फिरवत असेल. इकडे आम्ही दोघं ठीक. हिचे पाय अधूनमधून सुजतात. खरं तर माझी जीभ सुजायला हवी होती, पण ती ठणठणीत आहे, आणि सगळा घोटाळा तिनंच केलाय.

आपलं घर दोन गल्ल्यांवर, चपला घातल्या की पोचलो, आणि तरी मी पत्र लिहितोय याचं आपल्याला नवल वाटेल. चपला घातल्या होत्या. एकदा तर आपल्या जिन्यापर्यंत आलो, आपण गॅलरीत पाठमोरे बसलेले दिसलात, आणि मी भाजी घ्यायला निघाल्यासारखा तसाच पुढे सरळ चालत गेलो. (आपल्या गल्लीत भाजीवाला नाही हे बाजारापर्यंत गेल्यावर ध्यानात आलं. मग पिशवीभर कांदे घेऊन परतलो. घरात कांदे होते. हिनं पिशवी काढून घेतली आणि आधी मला पाणी दिलं, यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते समजून घ्या.)

त्यात काल संध्याकाळी आपली सून आपल्या मासे धरायच्या दोन्ही काठ्या, दोऱ्याची चाकं, गळांचा डबा, बसायचं ते घडीचं स्टूल, सगळं उचलून आमच्या दारात उभी. म्हणाली, "अण्णा, मामंजींनी पाठवलंय. म्हणाले, माझी बोटं गेली, त्यांची अजून चालतात. त्यांच्याकडेच शोभेल." व्याहीबुवा, ते सामान मी पलंगाखाली ठेवलं, मग कपाटामागे ठेवलं, मग माळ्यावर टाकलं. कुठेही ठेवलं तरी ते माझ्याकडेच बघतं. म्हणून आज लिहायला बसलो.

मुळापासून सांगतो, म्हणजे कुठं वाकडं गेलं ते आपल्याला दिसेल. नातीच्या वाढदिवसाला आपण जेवायच्या टेबलावर सहज एक अडचण बोलून दाखवलीत. पूर्वी ती काचेसारखी दिसणारी नायलॉनची तंगूस असायची, ती दातानं तुटायची. आता आलाय तो विणीचा दोरा, केसाहून बारीक धाग्यांची वेणी घातलेला, हाताला मऊ आणि ओढायला गेलं तर बैल बांधावा असा. दातानं तुटत नाही, आणि आपले दातही आता रात्री पेल्यात असतात. (माझेही. यात लपवण्यासारखं काही नाही.) घरातल्या कात्रीत घातला तर सरकतो, दोन पात्यांच्या मधे मुडपतो, आणि तुटलाच तर टोकाला केरसुणी होते, ती गळाच्या नेढ्यात शिरत नाही. आपण एवढंच म्हणालात की हा कापावा तरी कशानं. आपण सगळ्यांना विचारलं होतं. उत्तर माझ्याकडेच मागितलं होतं असं मुळीच नाही. पण कात्री हा शब्द कानावर पडला आणि माझ्यातला न्हावी ताडकन उठून उभा राहिला. उभा जन्म लोकांच्या कानाशी कात्री चालवली, कुणाचा कान गेला नाही. (एका मुनिमाचा थोडासा गेला होता, पण तो शिंकला होता.) मी म्हटलं, "व्याहीबुवा, वेणी कुणी कापायची, घड्याळजीनं की न्हाव्यानं? हत्यार मी निवडतो, आपण फक्त मासा धरा." सगळे हसले. आपणही हसलात. आपण हसलात म्हणून मला जास्तच चढलं.

शाळेत मी फार टिकलो नाही. जे शिकलो ते खुर्चीमागे उभं राहून, समोरच्या आरशात बघत. अशा माणसाला एक खोड लागते, त्याला कुणाला काही विचारायचं जिवावर येतं. बाजारात माशांच्या सामानाचं दुकान आहे. तिथं जाऊन नुसतं 'हे कशानं कापतात?' एवढं विचारायचं होतं. मी गेलो नाही. घरी बसून अक्कल चालवली. दोरा सरकतो का? धरून ठेवणारं काही नाही म्हणून. धरून काय ठेवतं? दात. दात कुठल्या कात्रीला असतात? माझ्या पेटीतल्या! आपल्याला ठाऊक नसेल, दाट केस विरळ करायला आमच्याकडे एक दातेरी कात्री असते, एक पातं सरळ आणि एक कंगव्यासारखं. तिच्यात केस सरकत नाहीत. मला इतका आनंद झाला की मी तिला तेल घातलं, पुसलं, मऊ कापडात गुंडाळलं. एवढं केलं, पण घरी एका दोऱ्यावर चालवून पाहिली नाही. आता आपल्यासारख्या घड्याळजीच्या ध्यानात एव्हाना आलंच असेल. जी कात्री केस विरळ करण्यासाठीच बनवलेली आहे, ती दोराही विरळच करणार. दातांमधे जे सापडेल ते कापते, खाचेत जे जाईल ते सोडते. हे माझ्या, ज्यानं सगळं आयुष्य तेच केलं त्याच्या, डोक्यात आलं नाही.

मग तो तलावाचा दिवस. आपण डोळ्याला भिंग लावून गळ बांधलात. ती गाठ घालताना आपली बोटं मी पाहत होतो, माझ्या हातून असं नाजूक काम कधी झालं नाही. गाठ झाल्यावर आपण भिंग काढून खिशात ठेवलंत आणि टोक माझ्यापुढे धरलंत, "घ्या, आता तुमची कला." मी कात्री चालवली. तुटलं नाही. पुन्हा चालवली. चौथ्या-पाचव्या वेळी टोक गळून पडलं, पण त्या झटापटीत कात्रीनं खालच्या मुख्य दोऱ्यालाही चावा घेतला. गाठीच्या जरा वर दोऱ्यावर पिसं उभी राहिली, निजून उठलेल्या माणसाच्या शेंडीसारखी.

व्याहीबुवा, ती पिसं मला दिसली होती. हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. दिसली आणि मी काय केलं? अंगठ्याला थुंकी लावून ती बसवली. एक फुंकर मारली. गिऱ्हाइकाच्या मानेवरून बुरूस फिरवावा तसा रुमाल फिरवला आणि "झालं, बघा!" म्हणून दोरा आपल्या हातात दिला. सवय, दुसरं काय. आमच्या धंद्यात शेवटी बसलं की झालं.

पुढचं आपण भोगलंत. तलावातला तो थोराड मासा, ज्याला काठावरचे सगळे हेडमास्तर म्हणतात (येतो, सगळ्यांचं काम बघतो, काही न बोलता जातो), तो त्या दिवशी आपल्या गळाला लागला. आपली काठी अशी वाकली की मी उभ्या जागी ओरडत होतो. काय ओरडत होतो देव जाणे, मागच्या बाजूला कपडे वाळत घालणाऱ्या बाईनं बादली टाकून धाव घेतली, तिला वाटलं कुणी बुडतंय. आणि मग तो टच्च आवाज. आपण चिखलात बसलात. मी वाटेल त्या शिव्या ऐकायला तयार होतो. आपण दोऱ्याकडे पाहिलंही नाहीत. आपण स्वतःच्या बोटांकडे पाहिलंत, एकेक करून, आणि म्हणालात, "गाठ सुटली. माझ्या हातची गाठ सुटली."

तेव्हाच बोलायचं. मी काय बोललो ते आपण विसरला असाल, मी विसरलेलो नाही. मी आपल्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "होतं असं. वय झालं की बोटं ऐकत नाहीत." मी! थुंकी लावणारा मी! वर घरी येताना आपल्याला धीर देत होतो, आणि आपण मला धन्यवाद देत होतात.

चाकावर दोरा मी गुंडाळला, म्हणून ते टोक माझ्याच हाती आलं. सुटलेल्या गाठीचा दोरा पिळासारखा गोल वळलेला राहतो, एवढं आता मला कळतं. हा वळलेला नव्हता. पायऱ्या-पायऱ्यांनी झिजलेला होता, कुणी विरळ केल्यासारखा. गाठीच्या वर, माझ्या थुंकीच्या जागी. मी ते टोक खिशात घातलं. सोबत पाकिटात घालून पाठवतोय. आपलं भिंग लावा आणि बघा. आपली गाठ सुटली नव्हती, माझ्या कात्रीनं दोरा गेला.

त्या दिवसापासून आपण दुकानातून आलेली घड्याळं उघडत नाही, भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत नाही, चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरता, हे विहीणबाईंनी हिला सांगितलं. ही मला म्हणाली, "बिचारे, एका माशासाठी एवढं?" मी मान डोलावली. मासा नव्हे हो, मला ठाऊक होतं. ज्याचं घर त्याच्या बोटांवर चाललं, त्याला मी 'बोटं गेली' असं सांगितलं, आणि तेही खोटं. माझ्या हाताला कंप आहे असं मला कुणी म्हटलं असतं, तर मी त्या दिवसापासून आरशासमोर उभा राहिलो नसतो.

तर ही माझी चूक. पूर्ण माझी. आपण मला माफ करा असं म्हणायची माझी छाती नाही. आपण परत काठी हातात घेतलीत तर मला जरा जेवण जाईल, एवढंच.

विहीणबाईंना नमस्कार, नातीला पापा. जावईबापूंना यातलं काही सांगू नका, माझी लेक त्या घरात नांदते.

आपला शरमिंदा,
न्हावी व्याही

ता. क. हत्यार निवडायचं काम मी घेतलं होतं, ते पुरं केलंय. या खेपेला दुकानात गेलो आणि विचारलं. तरी आधी घरी नेलकटर चालवून पाहिलं (चिरडतं आणि एक धागा हटकून सोडतं), पातं चालवून पाहिलं (दोऱ्याआधी माझा अंगठा कापला), काडी लावून पाहिली (टोकाला गुठळी होते आणि घरभर वास, ही अजून खिडक्या उघडून बसलीय). दुकानातल्या बाईंनी एक लहानशी कात्री दिली. दिसायला दोन्ही पाती सरळ, पण नख फिरवलं की धारेवर अगदी बारीक करकर लागते, कानस फिरवल्यासारखी. ती करकर दोऱ्याला सरकू देत नाही, आणि खाच नसल्यामुळे एकही धागा सुटत नाही. दोरा ताणून धरायचा, एकदाच चालवायची, गाठीला अगदी खेटून नाही. बाईंनी नमुन्याला दिलेला अख्खा दोरा मी तिथंच कापून संपवला, एकदाही केरसुणी नाही. ती कात्री आपल्यासाठी बाहेरच्या खोलीत बांधून ठेवली आहे.

ता. क. दुसरा. ही पत्र वाचून म्हणाली, "नुसतं लिहून पटेल त्यांना? त्यांना वाटेल, मन राखायला सांगताहेत." खरं आहे. म्हणून आपल्या डब्यात एक लांबलचक दोरा सापडला, दोन्ही टोकांना आपण आधीच बांधून ठेवलेले फास, तो काढला. एक फास झोपायच्या खोलीच्या दाराच्या कडीत अडकवला, दुसरा खिडकीच्या गजात, आणि दार लावून आतून आम्ही दोघांनी खांदा लावून ते बाहेर ढकललं (आमचं हे दार बाहेरच्या बाजूला उघडतं). मग हिनं पाय रोवले. मग मी पलंगाला पाठ टेकवून लाथ दिली. गाठी हलल्या नाहीत, व्याहीबुवा, उलट आवळल्या. कडीचा एक स्क्रू तेवढा बाहेर आलाय.

ता. क. तिसरा, आणि याच्यासाठीच पत्र आत्ताच्या आत्ता खिडकीतून शेजारणीच्या हाती देतोय. दार चार बोटं उघडतं, त्याहून जास्त नाही. आम्ही दोघं आत आहोत, आणि स्वयंपाकघर बाहेर, आपल्यासाठी बांधलेली कात्रीही बाहेर. गाठी सोडवायला मी टाचणी, कंगव्याचा दांडा, हिची हेअरपिन, सगळं लावून पाहिलं, माझ्या बोटांना दाद देत नाहीत. पेटीत दुसरी कात्री आहे, ही म्हणते कापा आणि मोकळे व्हा. पण ती गाठ कापली तर आपल्याला दाखवू काय? तेव्हा भिंग घेऊन स्वतः या. गजाकडची गाठ खिडकीतून, बाहेरून हाताला येते. मात्र घरात शिरून दार ओढू नका. गाठ आपली आहे. दार निखळून हातात येईल, ती सुटायची नाही.